हौदा कोण झाकणार

अप्पांनी मुक्ताला डाव्या कमरेवर घेतलं, गुडघे वाकवले आणि उजव्या हातानं हौद्याच्या झाकणाचा पट्टा ओढला.

"काय ओ अप्पा, कंबर धरली काय तुमची?" दुकानदार चिलवेरी शेठ म्हणाले. "सरळ उभं राहून ओढा की. एवढं उंच माणूस, वाकून कशाला ओढालाव?"

झाकण निम्म्यावर येऊन अडकलं. अप्पा तसेच अर्धवट बसल्यासारखे उभे राहिले आणि पुन्हा हिसका देऊ लागले. मुक्तानं तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढून खाली टाकली.

"लेकराला इकडे द्या," मी टोपी उचलत म्हटलं. "दोन्ही हातांनी नीट बघा तरी."

"राहू दे. गप आहे ती."

सोलापुरात गाड्यांची सजावट करणाऱ्यांची जी ओळ आहे, त्यातलं हे सगळ्यात मोठं दुकान. सीटकव्हरं, भोंगे, आरशाला बांधायचे गोंडे, मागं लिहायची अक्षरं, सगळं टांगलेलं. मागच्या अंगणात पिकअपच्या उंचीचा एक लोखंडी सांगाडा होता, त्यावर हौद्याची वेगवेगळी झाकणं चढवून दाखवायची सोय. आमची पांढरी पिकअप शेजारीच उभी होती. तिच्या हौद्यात बांगड्यांच्या पेट्या आणि पेट्यांवर गेली बारा वर्षं असायची तीच निळी ताडपत्री, ठिगळं लावलेली.

आम्ही बार्शीचे कासार. अप्पांची फेरी ठरलेली. सोमवारी पांगरीचा बाजार, मधल्या दिवसांत आसपासची गावं, चैत्रात जत्रा. पूर्वी सायकल होती, मग रिक्षा, मग ही पिकअप. बाजारात पोचलं की ताडपत्री सोडायची, निघताना बांधायची. त्याला दोन माणसं लागतात. अप्पा उजवीकडून दोर फेकायचे, आई डाव्या चाकाशी हात वर करून उभी असायची. दोर झेलायची, कडीत ओवायची, पीळ द्यायची. मी लहानपणापासून ते बघत आले. आई गेल्यावर दोन वर्षं अप्पा प्रत्येक गावात कुणाला तरी हाक मारायचे, "ओ पाव्हणं, जरा दोर धरता का?"

मग त्यांचा अंगठा आखडला. बांगडी भरायची म्हणजे सगळं काम अंगठ्याचं. समोरच्या बाईच्या हाताची मूठ मऊ करत, हाड आत दाबत काच पुढं सरकवायची. त्या थंडीत एका नवरीच्या हातात त्यांच्याकडून बांगडी वाढली. आमच्यात काच फुटली म्हणत नाहीत. पण हिरव्या चुड्याची ती काच पोरीच्या मनगटात घुसली होती, आणि रक्त बघून नवरीची आजी रडायला लागली. अप्पा घरी आले आणि पेट्या उतरवून न घेता तसेच ओट्यावर बसून राहिले. त्यानंतर त्यांनी कुणाचा हात हातात घेतला नाही.

वैरागचे विलासदादा, माझे चुलतभाऊ, त्या आठवड्यात येऊन गेले. त्यांचं तिथं दुकान आहे. म्हणाले, "काका, गाडी आणि फेरी दोन्ही मला द्या. बाहेरच्या माणसाच्या हातात जायला नको." त्यात वावगं काही नव्हतं. आमच्यात फेरी अशीच जाते. मुलाकडे, नाहीतर पुतण्याकडे.

मी अप्पांची एकुलती एक. सासर गावातच, चार गल्ल्या पलीकडे. माझे यजमान प्रशांत डाळमिलच्या ऑफिसात. बांगडी भरायला मी अकराव्या वर्षी शिकले आणि पिकअप चालवायला अठराव्या. लायसन आहे. माझी मुक्ता तेव्हा आठ महिन्यांची. विलासदादा गेले त्या संध्याकाळी मी हिय्या करून विचारलं होतं, "अप्पा, फेरी मी करू का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या मुक्ताकडे पाहिलं. म्हणाले,

"आणि हौदा कोण झाकणार?"

मला मिळायचं ते उत्तर मिळालं. मी आत जाऊन मुक्ताला पेज भरवायला बसले. नंतर त्या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "सोलापूरला चल. गाडीला झाकण बघायचंय. विलास येणार आहे रविवारी, त्याच्या आत बसवून घेऊ." मी गाडी चालवायला म्हणून गेले. अंगठ्यामुळं त्यांना स्टिअरिंग नीट धरवत नव्हतं.

"हे नको," अप्पा म्हणाले आणि पट्टा सोडला.

"का ओ? सगळ्यात मजबूत हेच आहे."

"दोन हात लागतात ह्याला."

"दोन हात आहेत की देवानं दिलेले!" शेठ हसले. "बरं, हे बघा. स्प्रिंगचं. नुसतं बटण दाबायचं, आपोआप गुंडाळून घेतंय."

त्यांनी बटण दाबलं. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं ते झाकण खाडकन मागं पळालं आणि डब्यात जाऊन आदळलं. मुक्ता दचकली. तिनं आधी तोंड उघडलं, मग श्वास धरला, आणि मग सगळं अंगण डोक्यावर घेतलं.

"हे तर अजिबात नको," अप्पा तिला थोपटत म्हणाले.

"काचेला धक्का बसंल म्हणताव ना? बरोबर आहे."

अप्पा मुक्ताला घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि गोंडे दाखवत परत आले. मग मोटारवालं झाकण पाहिलं. रिमोट दाबला की सरसर उघडायचं. मला ते बघून हसूच आलं. विलासदादा तो रिमोट खिशात घालून वैरागभर मिरवतील, असं डोळ्यांसमोर आलं.

"भर बाजारात बॅटरी उतरली तर?" अप्पांनी विचारलं.

"मग दोघा-तिघांनी धरून ढकलायचं."

"मग त्याला काय अर्थ आहे? दोघं-तिघं असते तर ताडपत्री काय वाईट होती?"

मला आता राहवेना. सकाळपासून मुक्ताला नीट दूध मिळालं नव्हतं, ऊन चढत होतं, आणि माझ्या मनात जे होतं त्याला कुठूनतरी बाहेर यायचं होतं.

"अप्पा, ताडपत्रीच घ्या की नवीन," मी म्हटलं. "कशाला एवढं महागाचं? विलासदादाला चालेल ताडपत्री. वहिनी आहेत त्यांच्याकडं दोर धरायला. दोन पोरं आहेत. त्यांचा हौदा झाकायला माणसं कमी आहेत का?"

शेठ उगाच एका भोंग्यावरची धूळ पुसायला लागले.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते. बांगडीचं माप घेताना ते हाताकडे बघायचे, तसं बघत होते.

"ऊन लागलंय तुला," ते म्हणाले. "जरा सावलीत बस."

मी सावलीत बसले नाही. गाडीच्या मागच्या फाळक्याला टेकून उभी राहिले. डोळे भरून येत होते आणि ते शेठना दिसू नयेत म्हणून मी ताडपत्रीच्या दोराची गाठ सोडवल्यासारखं करत होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शेठच्या बायको चहा घेऊन उतरल्या. चांगल्या जाडजूड, कपाळाला मोठं कुंकू. जिना उतरतानाच त्यांना आमचा हौदा दिसला आणि ताडपत्रीच्या सुटलेल्या कोपऱ्यातून पेट्या.

"अय्या! कासार हाय का?" त्यांनी चहाचा ट्रे नवऱ्याच्या हातात कोंबला. "सांगायचं नाही होय ओ? दारात कासार आलाय आणि मी वर भाजी चिरत बसलेय!"

"अगं, ते गिऱ्हाईक आहेत आपले."

"असू देत की! माझा हात बघा कसा झालाय." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. एका हातात तीन काचेच्या बांगड्या, एकात दोनच. "परवा धुणं धुताना बाकीच्या सगळ्या वाढल्या. भरा ओ मामा. हिरव्या भरा."

बाईनं हात पुढं केला की कासारानं नाही म्हणायचं नसतं. मग तो वाटेत असो, जेवायला बसलेला असो, की झाकण विकत घ्यायला आलेला असो. अप्पांनी त्या हातांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा मुक्ताच्या पाठीवर होता, आखडलेला. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही.

"वृषाली," ते म्हणाले, "बघ गं."

मी पेटी काढली. जमिनीवर बसले. चिलवेरीबाई समोर पाट घेऊन बसल्या. त्यांचा हात मी हातात घेतला. मऊ होता, पण रुंद. बोटांच्या मुळाशी हाड चांगलंच पुढं आलेलं. माप अडीचचं वाटत होतं. मी अप्पांकडे पाहिलं. ते मुक्ताला रस्त्यावरची बस दाखवत होते. बघतच नव्हते माझ्याकडे.

मी अडीचच्या उचलल्या.

"बसतील का गं पोरी? मला नेहमी पावणेतीन लागतात."

"पावणेतीन ढिल्या राहतात मावशी, म्हणून तर धुण्यात आपटतात. हात सैल सोडा. माझ्याकडे बघू नका. तुमची भाजी कुठली होती ते सांगा."

"गवारीची."

"गवारीत दाण्याचं कूट घालता की खोबरं?"

"आमच्यात दोन्ही घालतात, आणि वरून..." त्या कुटाचं सांगायला लागल्या आणि त्यांचा हात माझ्या हातात विरघळला. अंगठा तळहाताकडे दुमडला, हाड आत दबलं, पहिली बांगडी पलीकडे गेली. मग दुसरी. आई असंच करायची. बाईला चुलीजवळ नेऊन बसवायची, हात आपोआप सुटतो म्हणायची. दोन्ही हात भरले. एकही वाढली नाही. शेवटी अप्पांच्या रीतीप्रमाणं मी एक जास्तीची बांगडी चढवली. ती हिशेबात धरायची नसते.

चिलवेरीबाईंनी हात हलवून आवाज ऐकला. खूश झाल्या. उठल्या आणि पदर डोक्यावरून घेऊन अप्पांच्या समोर वाकायला गेल्या. बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायचा, ती रीत.

अप्पा एक पाऊल मागं सरले.

"मला नाही," ते म्हणाले. "भरल्यात तिनं. नमस्कार तिला."

"अहो, ती पोर हाय, माझ्या लेकीएवढी."

"पोर असू दे. नमस्कार काचेला असतो."

आणि त्या बाई खरंच माझ्याकडे वळल्या, वाकल्या. मी घाईघाईनं उठले, त्यांचे हात धरले, काय करावं ते कळेना. कासारानं त्या वेळी 'जन्मसावित्री हो' म्हणायचं असतं. ते माझ्या तोंडून आलं, अगदी हळू. अप्पांनी ते ऐकलं का, मला आजही माहीत नाही. ते शेठना म्हणत होते, "अजून एखादं असंल तर दाखवा."

"एक आहे," शेठ म्हणाले. "एका हौशी माणसानं मागवलं होतं, मग गाडीच विकली त्यानं. तुमच्या हौद्याला बाजूनं पट्टी वाढवावी लागंल."

ते झाकण दिसायला साधं होतं. काळ्या पट्ट्यांचं, दुकानाच्या शटरसारखं, पण आडवं. केबिनच्या मागं एक डबा, त्यात गुंडाळलेलं. दोन्ही बाजूंना रूळ. टोकाला पट्टा. ओढलं की येतं, सोडलं की जिथल्या तिथं थांबतं, आणि उलटं ढकललं की सावकाश परत जातं.

अप्पांनी पुन्हा मुक्ताला कमरेवर घेतलं. पुन्हा गुडघे वाकवले. ती आता पेंगुळली होती, डोकं त्यांच्या खांद्यावर. त्यांनी आखडलेला अंगठा बाजूला ठेवून नुसत्या चार बोटांनी पट्टा धरला आणि ओढला. झाकण आवाज न करता आलं. निम्म्यावर त्यांनी हात काढला. थांबलं. पुन्हा ओढलं. टोकाला येऊन टक्क करून बसलं. मुक्ता हललीसुद्धा नाही.

मग मुक्ताला माझ्याकडे देऊन त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. झाकण थोडं उघडलं, रुळाच्या फटीत स्वतःची करंगळी घातली आणि दुसऱ्या हातानं झाकण तिच्यावर आणलं.

"अहो! बोट जाईल!" शेठ ओरडले.

"जात नाही. रबर आहे आतून." अप्पांनी करंगळी काढून पाहिली. "बारकं बोट सापडायला नको."

"बाजारात बायकांची गर्दी असतेच की, पोरंबाळं घेऊन," शेठ मला समजावून सांगत म्हणाले. "अप्पा लय बारीक विचार करतेत."

मी मान हलवली.

"हेच बसवा," अप्पा म्हणाले. "पण पट्टा लांब करा. मूठ इथं आली पाहिजे." त्यांनी हात धरून दाखवला, त्यांच्या कमरेच्या चांगला वीतभर खाली.

"एवढं खाली? लोंबत राहील ते. कुणाला ओढायचंय, ससुल्याला?"

"इथंच पाहिजे," अप्पा म्हणाले.

बसवायला दुपार गेली. मी गाडीतल्या सीटवर मुक्ताला पाजलं आणि निजवलं. परतताना अप्पा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. निळी ताडपत्री घडी करून त्यांनी पायाशी ठेवली होती.

रविवारी सकाळी विलासदादा आले. नारळ, हार, पेढे, सगळं घेऊन. चहाच्या आधीच गाडीकडे गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली.

"वा काका! झाकण तर नंबर एक बसवलंत!" त्यांनी पट्टा धरायला हात खाली नेला. विलासदादा अप्पांपेक्षाही उंच. त्यांना कमरेत वाकावं लागलं. ओढता ओढता पट्ट्याची मूठ त्यांच्या मांडीवर आपटली.

"हे एवढं खाली का लावलंय हो? चुकलं दुकानदाराचं. कापून घेऊ आपण."

"चुकलं नाही," अप्पा म्हणाले. "मी सांगून लावून घेतलंय."

"पण मला खाली होतंय ना ते."

"तुझ्यासाठी नाहीच ते, विलास."

विलासदादा वाकलेले तसेच राहिले. मग सरळ झाले. आधी अप्पांकडे बघितलं, मग ओट्यावर मुक्ताला कडेवर घेऊन मी उभी होते तिथं, माझ्याकडे. त्यांच्या नजरेनं माझी उंची मोजली. मी पाच फुटांना जराशी कमी आहे.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "आधी सांगायचं होतं. मी नारळ घेऊन आलो ना."

"आधी सांगण्यासारखं नव्हतं काही. असलं झाकण मिळतंय का नाही, तेच ठाऊक नव्हतं. पोरीला हो म्हणायचं आणि मग पांगरीच्या बाजारात तिनं लेकरू कुणाच्या हातात देऊन दोर बांधायचा?" अप्पा थांबले. "नारळ आणलाय तर फोड. गाडी घरातच राहतीय."

विलासदादांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण माणूस सरळ. ते हसले, म्हणाले, "फोडतो. पण वैरागच्या बाजूला यायचं नाही हां, वृषाली. तिकडच्या बायका माझ्या." आणि चाकाशी बसून नारळ आपटायला लागले.

मी ओट्यावरून उतरले. पायऱ्या तीनच, पण मला त्या नीट दिसत नव्हत्या.

"तुम्ही नाही म्हणाला होतात," मी अप्पांना म्हटलं.

"मी कधी नाही म्हणालो?"

"मी विचारलं तेव्हा. तुम्ही म्हणालात, हौदा कोण झाकणार."

"मग?" अप्पांना खरंच नवल वाटलं. "विचारलं होतं मी तुला. तू काही न बोलता आत गेलीस. मी म्हटलं, पोरीलाही सुचत नाही, आपणच काहीतरी बघू."

या गोष्टीला सहा वर्षं होतील. मुक्ता शाळेत जाते. बाजाराच्या दिवशी सुट्टी असली की तीच पट्टा ओढते, तिच्या हाताला तो आता बरोबर येतो. काळ्या पट्ट्या उन्हानं करड्या पडल्या आहेत. सोलापूरच्या त्या अंगणात उन्हात गुडघे वाकवून उभे राहिलेले अप्पा मला पेटी उघडताना कधीकधी दिसतात. त्या दिवशी ते दीड-दोन तास माझ्या उंचीचे होऊन उभे होते, आणि मी शेजारी असून मला ते दिसलं नव्हतं.

पण त्या सकाळी हे काही मनात आलं नाही. विलासदादांनी नारळ फोडला, पाणी चाकावर ओतलं. अप्पा म्हणाले, "झाक बघू आता. उद्या पांगरी आहे."

मी मुक्ताला डाव्या कमरेवर सरकवलं. पट्ट्याची मूठ माझ्या हातात अलगद येऊन बसली, न वाकता, न टाचा उचलता. ओढलं. निम्म्यावर थांबून मुक्ताच्या तोंडातून माझं मंगळसूत्र काढलं. पुन्हा ओढलं. झाकण टोकाला येऊन टक्क करून बसलं.

मी वळून पाहिलं. अप्पा नकळत गाडीच्या डाव्या चाकाशी, आईच्या जागेवर जाऊन उभे राहिले होते. दोर झेलायला हात वर केलेला. दोर येणार नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं, पण हात लगेच खाली आला नाही. त्यांनी तो तसाच झाकणावर टेकवला.